हातात कोंबलेली चिप

आपली माणसं माझ्या टेबलावर येऊन बसली की माझं डोकं फिरतं. हे मी स्पष्टच सांगते, कारण मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात आणि घरीदारी आजवर पुष्कळ गोड बोलून झालं आहे. मी ॲमस्टरडॅममधल्या एका कॅसिनोत ब्लॅकजॅकची डीलर आहे. पत्ते वाटते, हरणाऱ्यांच्या चिप्स ओढून घेते, जिंकणाऱ्यांच्या त्यांच्यासमोर मांडते. काम सरळ आहे. वाकडी असतात ती समोरची माणसं, आणि त्यातही मराठी बोलणारी.

पुण्यात मी बँकेत होते. नवऱ्याच्या आयटी कंपनीने त्याला इकडे पाठवलं, त्याच्यामागून मी आले. बायको म्हणून मिळालेल्या परवान्यावर मला कुठलंही काम करायची मुभा होती, फक्त काम कुणी देत नव्हतं. बँकांना अस्खलित डच हवं होतं. भाषा न येणाऱ्यांना हॉटेलात बेसिनपाशी उभं करत होते, तेही मी करून पाहिलं. मग कॅसिनोची जाहिरात दिसली. शिकवायची तयारी त्यांची, बोलायला इंग्रजी आणि कामापुरतं डच चालणार. अट एवढीच की बोटं चपळ हवीत, बेरीज पक्की हवी आणि समोरचा चिडला तरी चेहरा शांत हवा. तिसरी गोष्ट मला लग्नानंतर आपोआप आली होती.

नवरा सगळ्यांना सांगतो, "ती हॉस्पिटॅलिटीमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटतं मी एखाद्या मोठ्या हॉटेलची मॅनेजर असेन. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिने शाळेत सगळ्यांसमोर उभं राहून अभिमानाने सांगितलं, आई पत्ते वाटते. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी आल्यावर बापाने तिला बाजूला घेऊन समजावलं की असं सगळीकडे सांगायचं नसतं. ती म्हणाली, "Why not? It's cool." तो माझ्याकडे रागाने बघत राहिला.

तर टिपांबद्दल. इकडे टिपेला फोय म्हणतात. कॅसिनोत फोय द्यायची एक रीत आहे, आणि ती लहान मुलालाही कळेल इतकी सोपी आहे. चिप टेबलावर ठेवायची, म्हणायचं, 'कर्मचाऱ्यांसाठी'. मी ती उचलते, टेबलावर टकटक करते, सुपरवायझरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आभार मानते आणि शेजारच्या पेटीच्या फटीत टाकते. ती चिप माझी नसते. महिन्याच्या शेवटी सगळ्यांत वाटली जाते. खेळणाऱ्याचा हात आणि डीलरचा हात एकमेकांना कधीही लागता कामा नये, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. नोटासुद्धा कुणी हातात दिल्या तर मी घेत नाही, टेबलाकडे बोट दाखवते. डोक्यावर कॅमेरे आहेत आणि त्या कॅमेऱ्यांना माणसाच्या मनातलं काही दिसत नाही, फक्त हात दिसतात.

इथली माणसं टीप देतात ती निघताना दार ओढून घ्यावं तशी. एक आजीबाई यायच्या, बहुतेक वेळा हरायच्या, आणि उठताना एक छोटीशी चिप माझ्याकडे सरकवून 'छान झालं' म्हणायच्या. काय छान झालं होतं कुणास ठाऊक. आपल्या माणसांची टीप म्हणजे नवस असतो. जिंकलो तर नारळ, हरलो तर देवच नालायक. एकाने मला हिंदीत ऐकवलं होतं, "दीदी, अच्छा पत्ता दो, आपका भी खयाल रखेंगे." जणू पत्ते मी पदराखालून काढते. तो हरला, आणि उठून जाताना मला पनवती म्हणाला. मी शांत चेहऱ्याने पुढचा डाव वाटला. घरी जाऊन मात्र भांडी जरा जोरात आपटली.

आता त्या रविवारबद्दल.

दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारची वेळ, टेबलावर एक तरुण डच जोडपं आणि एक म्हातारे चिनी गृहस्थ. तेवढ्यात रिकाम्या खुर्चीवर नवऱ्याचे साहेब येऊन बसले. हे साहेब म्हणजे कंपनीचे इथले मोठे मराठी अधिकारी. कुणाला इकडे ठेवायचं आणि कुणाला पुण्याला परत पाठवायचं ते हेच ठरवतात, त्यामुळे त्यांच्या विनोदांना माझा नवरा इतरांच्या आधी हसतो. बुइटनव्हेल्डर्ट या आमच्याच उपनगरात, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे, आणि नंतर 'संस्कार' या विषयावर थोडक्यात बोलायला उभे राहिले की प्रसाद गार होतो.

मला बघून ते दचकले. मग मला त्यांच्याहून जास्त संकोच वाटला असणार अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि मोकळे झाले. "अहो वहिनी! तुम्ही इथे?" मराठीत, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं. मी इंग्रजीत 'गुड आफ्टरनून' म्हटलं. ओळखीचं कुणी टेबलावर बसलं तर लगेच सांगायचं असतं, तसं मी मागे उभ्या असलेल्या सुपरवायझर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला सोडवायला दुसरी डीलर निघालीच आहे, तेवढा वेळ चालव. नियमाप्रमाणे मला जे करायचं होतं ते मी केलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

तेवढ्या वेळात साहेबांना ब्लॅकजॅक लागला. एक्का आणि राजा, आणि पैसे बरेच लावलेले. मी त्यांची जीत मांडली. ते आनंदाने अर्धे उभे राहिले, एक मोठी चिप उचलली आणि टेबलावरून हात लांब करून माझ्यासमोर धरली. "घ्या वहिनी. दिवाळी आहे."

मी म्हटलं, "नको, नको. टेबलावर ठेवा, प्लीज." मराठीत म्हटलं, कारण माझं इंग्रजी त्यांनी ऐकलंच नसतं.

"अहो, नाही कसलं म्हणताय! भावाने दिलं समजा."

"खरंच नको. इथे चालत नाही."

आपल्यात नको म्हणण्याची एक पद्धत आहे. मामाने निघताना हातावर पैसे ठेवले की आपण नको म्हणतो, मामा ऐकत नाही, आपण पुन्हा नको म्हणतो, मग तो मूठ मिटवून देतो आणि आपण वाकून नमस्कार करतो. पहिल्यांदाच घेतलं तर आई घरी गेल्यावर बोलते. साहेब त्याच हिशेबाने पुढे वाकले, माझं मनगट धरलं, चिप तळहातावर कोंबली आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं मिटवली. आणि मी, वयाने मोठा माणूस समोर आहे म्हणून, नवऱ्याचा साहेब आहे म्हणून, हसत होते. क्षणभर माझी मूठ बंद राहिली. मग मी चिप निखारा टाकावा तशी टेबलावर टाकली. साहेब तोवर आपल्या बाकीच्या चिप्स गोळा करून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. खोलीत एक पडदा होता आणि त्यावर मी होते, वरून दिसणारी, भांग स्पष्ट दिसत होता. आवाज नव्हता. एक माणूस काहीतरी देतोय, बाई मान हलवतेय आणि हसतेय, तो हात धरतो, तिची मूठ बंद होते, चिप टेबलावर पडते ती नंतर. त्याच्या आधीच्याच डावात त्याला मोठी रक्कम मिळालेली. मी स्वतः परकी असते तर मीही म्हटलं असतं, ही बाई सामील आहे.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, "तू हसत का होतीस?"

मी समजावायला गेले आणि तिथेच फसले. म्हटलं, आमच्याकडे मोठ्या माणसाने काही दिलं की आधी नको म्हणतात, मग तो आग्रह करतो, मग घेतात. त्याने लिहिता लिहिता मान वर केली. "म्हणजे तू नको म्हणालीस तेव्हा तुझा अर्थ हो असा होता?"

"नाही. या वेळी नको म्हणजे नकोच होतं."

"हे त्याला कसं कळावं?"

मग तोच म्हणाला की नोकरीचा करार महिनाअखेर संपतो आहे, कायमचा करार द्यायचा की नाही हे आता या प्रकरणावर आहे, आणि तोवर मी टेबलावर उभी राहू शकणार नाही. त्या गृहस्थांनी स्वतः फोनवर सांगितलं की नेमकं काय झालं, आणि ते माझ्या सांगण्याशी जुळलं, तर विषय मिटेल. नाही जुळलं तर उघडाच राहील. उघडा विषय घेऊन कायमचा करार कुणाला मिळत नाही, हे त्याने बोलून दाखवलं नाही. मला समजलं.

मला ती नोकरी हवी होती. इथे माझं म्हणून जे काही होतं ते तेवढंच. घर नवऱ्याच्या पगारावर, परवाना नवऱ्याच्या नावावर, मैत्रिणी नवऱ्याच्या मित्रांच्या बायका. त्या टेबलामागे मात्र मला कुणाच्या ओळखीने उभं केलेलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न असा की सरांचं नाव कुठे लिहिलं गेलंय का.

"दारात ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडतच नाहीत," मी म्हटलं. "त्यांचं नाव माझ्या आधी लिहिलं गेलंय. तू त्यांना सांग, मॅनेजरला एक फोन करा म्हणावं."

"अगं, वेड लागलंय का? पुढच्या महिन्यात माझं extension त्यांच्या सहीने व्हायचंय. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अवलक्षण माझ्या हाताचं झालंय. तुझ्या नाही."

"तसंही ती नोकरी तू किती दिवस करणार होतीस?" तो म्हणाला. "दुसरी बघू ना. चांगली."

मी त्याच्याशी त्या दिवशी पुढे बोलले नाही. भांडण नको म्हणून नव्हे. भांडले असते तर जे बोलले असते ते मागे घेता आलं नसतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकल काढली आणि एकटीच साहेबांच्या घरी गेले. दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. भल्या बाई. "या, या, किती दिवसांनी," म्हणत त्यांनी मला बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. साहेब सोफ्यावर होते. माझ्याकडे बघून त्यांचा रंग उडाला आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनीही हळू आवाजात उत्तर दिलं. "वहिनी, तुमच्याबद्दल वाईट वाटतंय मला. पण माझं नाव यात नको. मंडळात काय तोंड दाखवू? आणि हिला वाटतं मी रविवारी पोहायला जातो."

म्हणजे दर रविवारी हा माणूस टॉवेल भिजवून घरी आणत होता की काय. संस्कारांवर बोलणारा हा माणूस.

"मला फक्त एक फोन हवाय," मी म्हटलं. "खरं सांगायचं. टीप द्यायची होती, मी नको म्हणाले, तुम्ही हातात कोंबली."

"हे बघा, तुमचं जे काही नुकसान होईल ते आपण..." म्हणत त्यांनी खिशाकडे हात नेला. खरंच नेला. अजूनही त्या माणसाला वाटत होतं की माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं की काम भागेल.

मग मी आवाज मोठा केला. "साहेब, रविवारी पोहायला कुठे जाता तुम्ही? मलाही शिकायचंय."

आतून मिसेसचा आवाज आला, "अहो, सांगा ना त्यांना! यांचा एक रविवार चुकत नाही हं."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेत माझ्या नवऱ्याचं extension मला बुडताना दिसलं. पण मान हलवली. "करतो फोन," म्हणाले. मी चहा पूर्ण प्यायले, चकली खाल्ली, हळदकुंकू लावून घेतलं आणि निघाले. येताना वारा समोरून होता तरी मी सायकल दामटत होते. धमकी देऊन काम होतं हे कळायला मला इतकी वर्षं लागली याचाच राग येत होता.

फोन मॅनेजरच्या खोलीत झाला, स्पीकरवर, माझ्यासमोर. सुपरवायझर बाईही होत्या. साहेबांचं इंग्रजी मीटिंगमधलं, गुळगुळीत. आधी त्यांनी आपलं पद सांगितलं. मग म्हणाले की या बाईंचा नवरा माझ्या हाताखाली आहे. घर चांगलं आहे. आमच्या समाजात चांगल्या घरातल्या बाया अशा ठिकाणी कामाला उभ्या राहत नाहीत, परिस्थितीच तशी असल्याशिवाय. तिला तिथे पाहून मला फार वाईट वाटलं. मी जिंकलो होतो, म्हटलं थोडी मदत करावी. ती स्वाभिमानी आहे, नको म्हणाली. मीच तिच्या मुठीत कोंबलं. ती टीप नव्हती. ती मदत होती, गरजू कुटुंबाला केलेली. तिची काही चूक नाही.

फोन बंद झाला. खोलीत दोघेही माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन आलं होतं. कालपर्यंत त्यांना माझा संशय होता. तो परवडला असता.

मॅनेजर म्हणाला, "तू टीप म्हणाली होतीस. ते मदत म्हणतात. मला एकच काहीतरी लिहायला हवं." मग फार मऊ आवाजात, "सांगायला अवघड वाटलं असेल, मी समजू शकतो. ते म्हणतात तसं आहे का?"

खोटं आहे म्हटलं असतं तर साहेब खोटे ठरले असते, आणि खोट्या माणसाने दिलेली माझ्या निर्दोषपणाची साक्षही त्याच्याबरोबर गेली असती. नवरा झुइडासमध्ये, बड्या कंपन्यांच्या भागात, काचेच्या इमारतीत बसतो, घराचं भाडं वेळेवर जातं, मुलगी वीकेंडला घोड्यावर बसायला शिकते. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. तोंड मात्र माझं मलाच दाबायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "ते म्हणतात तसंच आहे."

त्याने लिहिलं, आणि विषय मिटला.

करार मिळाला, कायमचा. नवऱ्याचं extension पण झालं, कारण साहेबांना आता आम्हाला जवळच ठेवणं सोयीचं होतं. नवरा म्हणाला, "बघ, शेवटी आपलाच माणूस उपयोगी पडला. एकदा त्यांना जेवायला बोलवूया." मी म्हटलं, "तू कर स्वयंपाक." त्याला तो विनोद वाटला.

साहेब आता दुसऱ्या गावच्या कॅसिनोत जातात म्हणे. मी पुन्हा टेबलामागे उभी आहे. चिप्स टेबलावर ठेवल्या जातात, मी टकटक करते, आभार मानते, पेटीत टाकते.

मागच्या महिन्यात थंडी सुरू झाली. टेबलावर जायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत सुपरवायझर बाई माझ्याजवळ आल्या. हातात सुपरमार्केटची मोठी पिशवी होती, नीट भरलेली. आत त्यांच्या मुलीचे हिवाळी कोट होते, दोन, घडी केलेले, आणि बूट. तिला आता होत नाहीत, चांगले आहेत, वाया जाऊ नयेत असं वाटलं, असं त्या भराभर म्हणाल्या, मला लाज वाटू नये म्हणून माझ्याकडे न बघता. पिशवीच्या तळाशी त्यांनी पास्त्याची पाकिटं आणि टोमॅटोचे डबेसुद्धा घातले होते.

मी पिशवी घेतली. एकदाही नको म्हटलं नाही.